हायलमची पट्टी

तर झालं असं, की मागच्या शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला घरी पोचलो आणि चहाच्या आधीच आईनं तक्रार नोंदवली. "वरच्या खोलीत नात दिसतच नाही बघ. नुसती चकती गोल गोल फिरत्या." नात म्हणजे ताईची मुलगी, मुक्काम टोरांटो. तिला रोज रात्री बघितल्याशिवाय आईला झोप येत नाही.

दोष माझाच होता. घरचा राउटर दहा-एक वर्षांचा. कंपनीनं अपडेट देणं केव्हाच बंद केलेलं, म्हणून गेल्या गणपतीत मी मोठ्या उत्साहात त्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. सगळं मस्त चाललं, फक्त ५ गिगाहर्ट्झ गायब! राउटरच्या पोटात ५ गिगाहर्ट्झसाठी एक वेगळं मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड होतं आणि त्यावर क्यूसीए९८८० चिपची अगदी पहिली आवृत्ती. लिनक्समधला ड्रायव्हर दुसऱ्या आवृत्तीपासूनच चालतो. उरलं २.४ गिगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच - १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत राउटर मात्र घरटी एक. महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी स्कूटर घालून बघा, म्हणजे कल्पना येईल.

या वेळी तयारीनं गेलो होतो. एका मोडीत काढलेल्या लॅपटॉपातलं एआर९३८२ चिपचं कार्ड बरोबर होतं. वेगाला जुन्यापेक्षा कमी, पण त्याचा ड्रायव्हर पूर्ण खुला आहे. नव्या चिपांसारखं आत बंद फर्मवेअर टाकावं लागत नाही.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून राउटर उघडला. आण्णा पलीकडे खुर्चीत बसून होते. आण्णांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, छत्तीस वर्षं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, हात थोडा थरथरायला लागला, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी लेथ विकला. तेव्हापासून ते फारसे कशात नसतात. टीव्ही लावतात, पण बघत नाहीत. फोनवर आई बोलते, ते मागून "बरं आहे म्हणावं" एवढंच.

जुनं कार्ड काढलं. अँटेनाच्या तीन वायरींची मोहरीएवढी कनेक्टरं नखानं सरळ वर उचलायची, तिरकी ओढायची नाहीत. ती साधारण तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरतीच बनवलेली असतात. नवं कार्ड स्लॉटमध्ये घातलं आणि डोक्यावर हात मारला. ते निम्म्या लांबीचं! पूर्ण कार्ड जवळपास ५१ मिलिमीटर लांब, हे २७ सुद्धा नाही. स्क्रूची भोकं कुठल्या कुठे. सोडलं की कार्ड स्प्रिंगसारखं वर. यासाठी तयार ब्रॅकेट मिळतं, पण ऑनलाइन मागवायचं म्हणजे चार दिवस, आणि मला रविवारी रात्रीची गाडी. मी रबर बँड शोधायला लागलो (हसू नका, डेटा सेंटरमध्येही याहून वाईट पाहिलंय).

"काय अडलंय?" आण्णा उठून आले होते.

सांगितलं. त्यांनी चष्मा बदलला, कार्ड हातात घेतलं, उलटं करून बघितलं. मग माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली आली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आतून व्हर्नियर निघाला.

"चोवीस. पत्र्याची करू?"

"पत्रा नको आण्णा, खाली सर्किट आहे. शॉर्ट होईल."

"मग हायलम."

बॅकेलाइटसारखी ती तपकिरी शीट. इलेक्ट्रिक पॅनलमध्ये वापरतात, वीज वाहत नाही. एक तुकडा त्यांनी पेटीत जपून ठेवलेला होता, कशासाठी कोण जाणे. हॅक्सॉनं पट्टी कापली, कानशीनं कडा मारल्या. हात थरथरत होता. भोक मारताना मात्र त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि ते थांबलं. मी मदतीला हात पुढे केला तर "धर नुसतं" म्हणाले. मी नुसतं धरलं.

धरल्या धरल्या त्यांना ओपनडब्ल्यूआरटीची गोष्ट सांगितली. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स निघालं. लिनक्सच्या लायसन्सची अटच अशी, की वापरून माल विकलात तर त्या भागाचा सोर्स कोडही द्यायचा. लोकांनी पाठपुरावा केला, २००३ मध्ये कंपनीनं कोड दिला, आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं.

"म्हणजे इंजिनाबरोबर ड्रॉइंग पण द्यायचं."

"हो."

"आम्हाला कुणी दिलं न्हाई. उघडून बघूनच शिकलो." कानस थांबली. "बाबूराव पेंटरांनी तरी काय केलं? कॅमेरा घरीच केला की."

खरंय. १९२० च्या 'सैरंध्री'च्या आधी याच गावात कॅमेरा घडला होता. आमच्याकडे ओपन सोर्सची परंपरा जुनी आहे :-)

पट्टी बसली. स्क्रू घट्ट. कार्डाला दोनच कनेक्टर, म्हणून तिसऱ्या वायरीचं टोक टेपमध्ये गुंडाळलं. राउटर चालू केला, कार्ड दिसलं, पण ५ गिगाहर्ट्झ काही सुरू होईना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, देश निवडलेलाच नाही! देश माहीत नसला की ही कार्डं ५ गिगाहर्ट्झवर फक्त ऐकतात, स्वतःहून बोलत नाहीत. भारतानं २०१८ मध्ये या पट्ट्याचा बराचसा भाग वायफायसाठी विनापरवाना खुला केलाय. यादीत 'भारत' निवडलं, चॅनेल ३६, आणि दिवा लागला.

रात्री वरच्या खोलीत नात स्वच्छ दिसली. आई काही बोलायच्या आत आण्णांनी फोन घेतला आणि तिला हायलम म्हणजे काय ते सांगायला लागले. तिला ओ की ठो कळलं नसणार. वीस मिनिटं चाललं.

काल त्यांचा फोन आला. त्यांनी स्वतः लावलेला, ही बातमीच. "ती तिसरी वायर रिकामीच आहे नव्हं? तीन टोकांचं कार्ड मिळतं का बघ. आणि येताना जुनं झालेलं आणखी काय असलं तर घेऊन ये."