बिअर गेली, हुर्राक राहिली

भात-पोळी सोडणं मला फारसं जड गेलं नाही, बिअर सोडणं जिवावर आलं. 650 मिलीच्या बाटलीत साधारण 20 ते 25 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि माझी दिवसाची मर्यादाच 50 ग्रॅमची. व्हिस्की, जिन, व्होडका यांचं तसं नाही. ऊर्ध्वपातनात साखर भट्टीतच मागे राहते. रम मळीपासून होते म्हणून ती गोडच असणार, असं आमच्या शनिवारच्या बैठकीतला एक जण अजूनही ठासून सांगतो. वरून साखर घातली नसेल तर तीही कोरीच.

घोटाळा होतो तो जोडीला काय घेता त्यात. टॉनिक वॉटर क्विनीनमुळे कडू लागतं, त्यामुळे त्याचा संशय येत नाही. पण साखर जवळजवळ इतर कोल्ड्रिंकांइतकीच.

एप्रिलमध्ये म्हापशाला मावसभावाकडे गेलो, तेव्हा हुर्राकचा हंगाम होता. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची ही पहिल्या धारेची दारू, फेणीपेक्षा सौम्य, उन्हाळ्यापुरतीच मिळणारी. तिथे ती लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. मी लिम्काऐवजी सोडा मागितला. "दादा, त्यापेक्षा औषध घे ना," भाऊ म्हणाला. पण भरपूर लिंबू पिळलं, मीठ घातलं आणि काजूचा तो उग्र वास गोडाखाली न दबता थेट नाकात शिरला. मला तरी हीच हुर्राक जास्त आवडली. भावाने एक घोट घेतला आणि काही न बोलता लिम्काची बाटली स्वतःकडे ओढली.

चखण्याचं काय? मसाला पापड, चकली, फरसाण, चणा कोळीवाडा सगळं बाद. बोंबील चालतात, पण रव्याशिवाय तळून द्या म्हटलं की वेटर दोनदा विचारतो. उकडलेली अंडी आणि काकडी कुठेही मिळतात. शेंगदाणे मूठभर चालतील. मूठभर खाऊन थांबणारा माणूस मला अजून भेटायचाय.

भात-पोळी सुटल्यापासून मला दारू लवकर चढते. पूर्वीच्या दोन पेगचं काम आता एकात होतं. ज्या आठवड्यात पितो, त्या आठवड्यात वजनाचा काटाही हलत नाही, कारण यकृत आधी दारूचा निकाल लावतं, चरबीचा नंबर नंतर. शिवाय कर्बोदकं शून्य असली तरी 60 मिलीच्या पेगमधून 140च्या आसपास कॅलरी जातातच. आमच्यातला एक इन्सुलिन घेतो. दारू निस्तरण्यात गुंतलेलं यकृत रक्तात साखर सोडायला कमी पडतं. रात्री साखर उतरली, तर बघणाऱ्याला वाटतं, याला चढलीय. म्हणून तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लासला हात लावत नाही आणि उपाशीपोटी तर कधीच पीत नाही.

घरी हाताने ओतलं की 60चे 90 होतात, म्हणून मी बारवाल्यांकडे असतं तसं माप आणलंय. त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. एवढं मोजून पिणारा हिशेबाला बरा, असं म्हणत मित्रांनी बैठकीची वर्गणी गोळा करायचं काम माझ्या गळ्यात घातलंय.