चेस्ट नंबर

गेले काही वीकेंड आम्ही कोडिंगपेक्षा अवघड काम करत होतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या पाच-सहा नगरकरांनी मिळून वाडिया पार्कात एक चॅरिटी रन भरवली. (2024 मध्ये नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून 'नगर'च बसलंय.) नावात 'पार्क' असलं तरी ते स्टेडियम आहे, कारंजी शोधायला जाऊ नका :-)

2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि तिच्यातल्या 'ड्रीम रन'मुळे मजेत पळून मदत करायची कल्पना आपल्याकडे रुजली. आता गावोगावी असल्या रन निघतात. टी-शर्ट, मेडल, झुंबा, सेल्फी पॉइंट. आमचीही यादी तीच. पोलिसांची परवानगी, अँब्युलन्स, सेफ्टी पिना हे सगळं एक्सेलमध्ये बसवलं होतं.

पैसे जाणार होते पाथर्डी तालुक्यातल्या, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या एका वसतिगृहाला. आमचा जिल्हा म्हणजे एक गंमतच आहे. पहिला मोठा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी इथेच, प्रवरेकाठी काढला, 1950 मध्ये. उत्तरेला कालवे, ऊस, कारखाने. आणि पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यांतून ऊस तोडायला जाणारी माणसं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. दोन माणसं, एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला दिवाळीच्या आसपास घर सोडायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत. पोरं सोबत गेली की शाळा बुडते. ती गावात राहावीत म्हणून वसतिगृह.

भांडण झालं ते आठ दिवस आधी. एका प्रायोजकाने मेडलचा सगळा खर्च उचलला होता. त्याची अट साधी होती: शेवटी मुलांना स्टेजवर उभं करायचं, मोठ्ठा थर्माकोलचा चेक, फोटो. मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. पैसे देणाऱ्याला एक फोटो लागतो, त्यात काय एवढं?

आमच्यातला एक पाथर्डीचा आहे. आई-बाप दोघंही तोडीला जायचे, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. तो कधी त्याबद्दल बोलत नाही. त्या दिवशी चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मी असा स्टेजवर उभा राहिलोय. निळं दप्तर मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना माहीत होतं ते कुठून आलं. मी परत खताच्या गोणीची पिशवीच न्यायला लागलो."

कोणीतरी म्हणालं, "अरे पण मेडलं?"

"मेडल नकोत."

तासभर वाद झाला. एक जण तर रागावून उठूनच गेला (रात्री परत आला, असो). मी लॅपटॉप उघडून हिशोब मांडला: मेडलं काढून टाकली तर प्रायोजकाचे पैसे गेले तरी वसतिगृहाच्या रकमेत एक रुपयाचा फरक पडत नाही. कारण ते पैसे मेडलांतच संपणार होते! हे आधी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. प्रायोजकाला फोन करायचं काम त्या पाथर्डीकरानेच केलं. काय बोलला ते सांगत नाही, पण समोरचा माणूस रागावला नाही म्हणे.

मुलं आली. स्टेजवर नाही, पळायला. बाकीच्यांसारखाच टी-शर्ट, बाकीच्यांसारखाच चेस्ट नंबर, नावं एकाच यादीत. पहाटेच्या थंडीत आम्ही भुईकोट किल्ल्याच्या बाजूने जाऊन परत आलो. आयटीवाले दुसऱ्या किलोमीटरलाच चालायला लागले. एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं अनवाणी माझ्या शेजारून सुसाट पुढे गेलं. ते वसतिगृहातलं की सावेडीतलं, मला कळलं नाही. बूट हातात धरले होते, म्हणजे नवे असणार.

नंतर मी केळी वाटत होतो तेव्हा ते समोर आलं.

"मेडल कुठंय?"

"नाहीये रे. कुणालाच नाही."

"कुणालाच?" त्याने मागे वळून सगळ्यांच्या गळ्यांकडे नीट पाहून घेतलं. "मग अजून एक केळं द्या."