बायकोने लिहिलेले टिळक

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच टिळक येतात. मी म्हणतोय ते दुसरे. शाळेच्या पुस्तकात कवितेखाली 'रेव्हरंड ना. वा. टिळक' असं नाव असायचं. त्यातल्या 'रेव्हरंड'चा अर्थ बाईंनी कधी सांगितला नाही आणि आम्हीही कधी विचारला नाही. परीक्षेला येणार नव्हता नं!

तर नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातले ब्राह्मण, कवी, कीर्तनात रमणारे. १८९३ साली नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने बायबलचा नवा करार हातात दिला आणि सांगितलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. तसंच झालं. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायकोला कळलं ते नंतर.

आता जरा त्या बायकोच्या जागी उभे राहून बघा. लक्ष्मीबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, कडक सोवळ्यात वाढलेल्या, पदरात लहानगा दत्तू. त्या काळात नवरा बाटला म्हणजे जिवंतपणी गेलाच! पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, काही काळ तर चक्क पंढरपूरला. शेवटी त्या नगरला (आताचं अहिल्यानगर) टिळकांकडे परत आल्या, पण धर्म आपलाच ठेवून. हळूहळू त्यांनी स्वतःच्या डोक्याने आधी जातपात सोडली आणि मग १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणाला म्हणून नव्हे, स्वतःला पटलं तेव्हा.

१९१९ साली टिळक गेले. दत्तूचे तोवर देवदत्त झाले होते. त्यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला सांगितलं, तुझ्या आठवणी लिहून दे. आईने लिहायला घेतलं आणि त्यातून झालं 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग १९३४ चा. १९३६ साली लक्ष्मीबाईही गेल्या. टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुरं करून ठेवलं होतं.

हे पुस्तक मी गेल्या महिन्यात वाचलं, खांदेश्वर ते ऐरोली, ठाणे लोकलमध्ये. मला वाटलं होतं धर्मप्रसारकाचं चरित्र आहे, झोप येईल. छे! दोनदा मी एकटाच हसलो आणि शेजारच्या काकांनी माझ्याकडे संशयाने बघितलं :) टिळकांचा राग, न सांगता निघून जाणं, खिशात पैसा न टिकणं, दुसऱ्याला मदत करताना घरात काय शिल्लक आहे ते न बघणं... बाई काहीही लपवत नाहीत. आणि तरी पुस्तक मिटताना मनात राहतो तो खूप मोठा माणूस. ख्रिस्ती होऊनही तुकारामांना न सोडलेला, चर्चमध्ये भजन-कीर्तन आणणारा, बालकवी ठोंबऱ्यांना घरच्या मुलासारखं ठेवणारा.

आता हे सगळं आत्ताच का आठवलं? तर आजोबांच्या पहिल्या पुण्यतिथीला कीर्तन ठेवलंय आणि चार पानांची पुस्तिका काढायचीय. आमच्याकडे कॉम्प्युटरवाला मी, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे. बाबांनी मुद्देही दिले : माळकरी, सात्त्विक, निर्व्यसनी, चाळीस वर्षं आषाढी वारी. सगळं खरं आहे हो. पण ते कुठल्याही आजोबांना लावता येईल. फक्त नाव बदला आणि प्रिंट काढा.

म्हणून मी आजीकडे गेलो. विचारलं, "आजी, तू सांग, आजोबा कसे होते?"

आजी म्हणाली, "कसे म्हंजे? आषाढ लागला की ह्यांना पांडुरंग दिसायचा नि मला आवण दिसायचं. लावणी कोण करणार, पांडुरंग?"

म्हणजे भाताच्या लावणीचे ऐन दिवस आणि घरातला कर्ता पुरुष दिंडीत. दरवर्षी. आजी, आत्या आणि आठ-नऊ वर्षांचे बाबा गुडघाभर चिखलात. पण हे सांगताना आजी हसत होती. पुढे म्हणाली, "परत आले नि पायांचे फोड बघितले की भांडायचंच राहून जायचं."

मी हे तसंच लिहिलं. तेव्हा मला लक्ष्मीबाईंची गंमत कळली. भक्ती एकट्याची असते, पण तिचा खर्च घरातले सगळे भरतात. ज्यांनी तो भरला त्यांनी सांगितलेला माणूस खरा वाटतो, कारण त्यांनी हिशेब मांडूनही प्रेम केलेलं असतं. टिळकांच्या घरात हे काम तीन पिढ्या चाललं. नातू अशोक देवदत्त टिळकांनी 'स्मृतिचित्रे'ची टिपांसह आवृत्ती काढली, आजोबांवर 'चालता बोलता चमत्कार' ही कादंबरीही लिहिली. २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी 'स्मृतिचित्रे' इंग्रजीत आणलं. फोटोला हार घालून गप्प बसले असते तर टिळक आज पाठ्यपुस्तकातलं एक नाव उरले असते.

असो. कागद बाबांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. मला वाटलं आता म्हणतील, "लोक काय म्हणतील?" ते काहीच बोलले नाहीत. पेन मागितलं आणि 'आठ-नऊ वर्षांचे बाबा' खोडून वर लिहिलं, 'सात'.