खिशातला कांदा

देवळ्याचा आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस हटकून विचारतो, "म्हणजे ते मिलिटरीचं?" ते देवळाली, तोफखान्याचं स्कूल असलेलं. आमच्याकडे कांदा, डाळिंब आणि गिरणेचं पाणी. मिलिटरी होती ती आमच्या घरात, आप्पांच्या रूपानं.

आप्पा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनीत, जंगी पलटणीत शिपाई. १९७१च्या डिसेंबरात जमालपूरला होते. पेन्शनीवर आल्यावर चाळीत कांदा निवडता निवडता लढाई सांगायचे. हात चालू, सडका बाजूला, चांगला पाटीत, आणि मधेच ब्रह्मपुत्रा. नदी ओलांडून पलटण शत्रूच्या मागं कशी गेली, हे सांगताना लोहोणेरच्या गिरणेला पूर आला की कसं दिसतं, तिथून सुरुवात व्हायची.

त्यातली एक गोष्ट मला पाठ होती. जमालपूरला वेढा पडल्यावर ब्रिगेडियर क्लेर यांनी एका म्हाताऱ्या गावकऱ्याच्या हाती चिठ्ठी धाडली, शरण या म्हणून. बलुच पलटणीच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उलट चिठ्ठी पाठवली आणि तिच्यात गुंडाळलेली एक गोळी. लेखणी छान चालवता, पुढच्या खेपेला हातात स्टेन दिसू दे, अशा अर्थाचा मजकूर. "आप्पा, हे पिच्चरमधलं आहे," मी म्हणायचो. ते पुढचा कांदा उचलायचे.

नोकरीला लागल्यावर मी आप्पांवर एक कथा लिहिली. गोळी आधी काढून टाकली. संपादकाला पटली नसती, मलाच पटत नव्हती. खंदकातली रात्र मात्र लिहायची होती आणि तिच्याबद्दल आप्पा काही बोलत नसत. "बसून ऱ्हायनूत," एवढंच. मग मी एक कांदा घातला. घरून नेलेला, खिशात जपलेला. पहाटेच्या आधी नायक तो बुक्कीनं फोडतो आणि पुरीबरोबर खातो. कथा दिवाळी अंकात आली. कांदा वाचून लोकांचे डोळे पाणावले म्हणे. "अनुभवाची अस्सलता," असं एकानं कळवलं. मी तोवर राष्ट्रीय छात्र सेनेच्या लाकडी रायफलीपलीकडे काही उचललं नव्हतं!

पुढे जमालपूरच्या लढाईवरचं वाचलं. गोळी खरी होती. चिठ्ठी खरी होती. मला लाज वाटली. मग मी स्वतःची समजूत काढू लागलो. स्टीफन क्रेनचा जन्म १८७१चा, अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५लाच संपलेलं, तरी त्याची 'द रेड बॅज ऑफ करेज' लढून आलेल्यांनाही खरी वाटली. टिम ओब्रायन तर व्हिएतनाममध्ये लढलेला, आणि तोच कथेतून सांगतो की घडलेलं आणि खरं यांची गल्लत करू नका. ही माणसं फार मोठी आहेत, त्यांच्या आडोशाला मी उभं राहणं बरोबर नाही, हे कळत होतं. मराठीत आडोसाही कमीच. गावोगाव फौजी, पण युद्धाची कादंबरी म्हटली की मला आठवतं १९३९चं 'रणांगण', आणि ते घडतं बोटीवर. फौजी ओट्यावर बसून सांगतो, लिहिणारा असतो शहरात. मधली एसटी चुकते.

आप्पांनी कथा वाचली की नाही, कधी बोलले नाहीत. अंक मात्र त्यांच्या काळ्या ट्रंकेत, पेन्शनीच्या कागदांखाली होता.

आठ-दहा वर्षांनी उन्हाळ्यात गेलो तर चाळीसमोर नातवंडांचा घोळका. आप्पा सांगत होते, "खिशामा आपला कांदा व्हता." मी दारातच थांबलो. कांदा फुटला, पुरी आली, सगळं माझ्या कथेतलं. पण ते तिथं थांबले नाहीत. अर्धा कांदा शेजारच्या जोडीदाराला दिला म्हणाले. कथेत जोडीदार नाही. सांगलीकडचा पोरगा, त्याचं नाव घेतलं, गावाचं घेतलं. तीस वर्षांत ते नाव मी ऐकलं नव्हतं. तो उजेडापर्यंत राहिला नाही.

पोरं उठल्यावर हळूच म्हणालो, "आप्पा, कांदा तर मी..."

त्यांनी पाटीतला एक कांदा उचलला, दाबून पाहिला.

"तू व्हता का तठे?"

आणि कांदा चांगल्यात टाकला.