प्रदेश क्रमांक पाच

डीव्हीडीच्या जगात भारताचा प्रदेश क्रमांक पाच आणि इंग्लंडचा दोन, हे मला २००८ साली बर्मिंगहॅमला आल्यावर कळले. नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेल्या तीन तबकड्यांपैकी एक इथल्या यंत्राने सरळ नाकारली. पुढे इंटरनेटवर मराठी मालिका शोधू लागले, तेव्हा काळ्या पडद्यावर सूचना येई : हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, संगणकाच्या पत्त्यावरून तो कुठल्या देशात आहे हे ओळखले जाते आणि दार लागते. त्यात कोणाचा आकस नसतो. पण आर्वीला आई रोज रात्री जी मालिका पाहत होती ती मला दिसत नव्हती, आणि आम्हा मायलेकींना बोलायला काहीतरी हवे होते. तेव्हा आई मला मालिका फोनवर सांगू लागली.

आई सुरेख सांगायची. भाग संपला की तिच्याकडे रात्रीचे नऊ आणि माझ्याकडे दुपारचे साडेतीन. दाराशी कोण उभे होते, सासूच्या अंगावर कोणते लुगडे होते, सगळे. एकदा म्हणाली, "आज त सुनेनं सासूच्या समोरून ताट ढकललं व माय." मी हळहळले. लगेच आवाज न बदलता ती पुढे म्हणाली, "अन् आपलीवाली तरी कुठं कमी आहे!" आपलीवाली म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्न २०१० च्या उन्हाळ्यात झाले होते. मालिकेतून घरात आणि घरातून मालिकेत आई कोणत्या वाक्याला शिरायची, हे मला समजत नसे. खरे म्हणजे मी समजून घेत नसे. वाङ्मयाची विद्यार्थिनी असल्याचा अभिमान बाळगणाऱ्या बाईने निवेदक किती विश्वासार्ह आहे हा प्राथमिक प्रश्न स्वतःच्या आईला कधी विचारला नाही.

आम्ही हुंडा घेतला नाही, असे आमच्या घरी आजही सांगतात. मानपान झाला, आंदण आले, तेवढेच. पण भाऊ एका खाजगी संस्थेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागणार होता आणि संस्थेला काही लाख द्यायचे होते. विदर्भात अशा व्यवहाराला डोनेशन म्हणतात आणि ते कोणाला विचित्र वाटत नाही. ती रक्कम मुलीच्या वडिलांनी उभी करावी अशी अपेक्षा घरात होती. मागितले कोणी नाही. त्यांनी समजून घ्यायला हवे होते. त्यांची शेती हिंगणघाटकडची, कापसाची. २०११ च्या सुरुवातीला कापसाचा भाव क्विंटलला सात हजारांच्या आसपास गेला होता आणि ते वर्तमान मला परदेशातही पोहोचले होते. एका दुपारी मी फोनवर म्हणाले, "तिच्या बाबांना यंदा काय कमी आहे? कापूस तर सोन्याच्या भावानं गेला." आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण ती भाजी निवडत होती. भावजय त्याच स्वयंपाकघरात होती.

पुढच्या वर्षी फिर्याद झाली. भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ : पती किंवा पतीच्या नातेवाइकांकडून क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कारावास, दखलपात्र, अजामीनपात्र. १९८३ साली स्त्रीसंघटनांच्या आंदोलनांनंतर हे कलम आले. मी महाविद्यालयात शिकवताना मुलींना ते अभिमानाने सांगत असे. फिर्यादीत आरोपी क्रमांक चार मी होते. पोलिसी मराठीचे ते वाक्य मला अजून पाठ आहे : सदर आरोपी ही वेळोवेळी फोनद्वारे चिथावणी देत असे. तारीख नाही, शब्द नाहीत. कापसाचे वाक्य नाही.

वकिलांना माझी काळजी वाटली नाही. २०११ सालच्याच एका निवाड्याची त्यांनी आठवण दिली. थोटा वेंकटेश्वरलू प्रकरणात पत्नीची तक्रार काही अंशी बोट्स्वानात घडलेल्या छळाची होती. परदेशात घडलेल्या गुन्ह्याचा खटला येथे चालवायला केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते, भारतात घडलेल्याला लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे कायद्यालाही प्रदेश क्रमांक असतात! पण मग माझे वाक्य कुठे घडले? उच्चारले बर्मिंगहॅमला, ऐकले गेले आर्वीला. हा प्रश्न मला वकिलांपुढे ठेवावासा वाटला, पण त्यासाठी आधी ते वाक्य सांगावे लागले असते. मी सांगितले नाही. पारपत्रावरील शिक्के पाठवले. दूर राहणाऱ्या नातेवाइकांची नुसती नावे घालणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गीता मेहरोत्रा प्रकरणात सांगितले होतेच. आरोप मोघम आहेत, या कारणाने माझे नाव गुन्ह्यातून वगळले गेले.

तो निर्णय कायद्याला धरून होता, आणि तसा नियम हवाच. लग्न झालेल्या नणंदा, पुण्या-मुंबईचे मावसदीर असे लोक नावांच्या यादीत ओढले जातात हे खोटे नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निवाड्यानंतर अटक आपोआप होत नाही, हेही बरेच झाले. आता हे कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे, वाद जुनाच आहे. माझी अडचण वेगळी. येथल्या मराठी मंडळात कायद्याच्या गैरवापराची चर्चा निघाली की कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवते : बघा, या तर तेव्हा देशातही नव्हत्या. मी पाणी आणायला उठते.

या संदर्भात मंजुश्री सारडा खटल्याकडे मी पुन्हा पुन्हा वळले. जून १९८२ मध्ये पुण्यात तिचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्यांसाठी तो निवाडा विधी महाविद्यालयांत शिकवतात. मला त्यातली पत्रे दिसतात. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायमूर्तींनी ओळ न् ओळ वाचली, लिहिणारीच्या मनःस्थितीचा तर्क केला आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही असा अर्थ काढला. आपण वर्गात करतो तेच वाचन, फक्त त्याच्या शेवटी फाशी किंवा सुटका. त्या वाचनाशी असहमत होता येते, कारण पत्र उरलेले आहे. माझ्या भावजयीजवळ फोन होता, तोही माझा आणि आईचा. (सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी सरकारने बसवलेला टेलिफोन जपून ठेवला आहे. शाळेच्या सहलीत मी तो काचेआड पाहिला होता. त्यावर काय बोलले गेले याची नोंद शोधणारे अभ्यासक निघतील. आर्वीच्या फोनसाठी कोण निघणार?)

भावाचे प्रकरण तडजोडीने मिटले. स्त्रीधन परत गेले, परस्परसंमतीने घटस्फोट झाला, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. तिचे पुढे दुसरे लग्न झाले असे ऐकते. संस्थेचे पैसे शेवटी आमच्याच शेतातून गेले.

मागच्या हिवाळ्यात मुलाने संगणकावर काहीतरी करून तो मुंबईतच बसला आहे असे भासवले, आणि जुन्या मालिकांचे सगळे भाग उघडले. मी ताटाचा भाग शोधला. तीन संध्याकाळी गेल्या. प्रसंग सापडला. सासू बोलते, सून ऐकून घेते, मग न जेवता स्वतःचे ताट उचलते आणि आत जाते. ढकलत नाही. मी तो भाग दोनदा पाहिला, पुढचे-मागचे भागही पाहिले.

रात्री आईला फोन केला. आता ती ऐंशीची आहे, ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने विचारले, "आई, ते ताट ढकललं होतं, ते मालिकेत की आपल्या घरी?"

बराच वेळ टीव्हीचा आवाज ऐकू येत राहिला.

"कोणतं ताट व माय?" ती म्हणाली. "तू जेवली का?"