बोट आणि बोट

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी आहे. घरी मासेमारीचा धंदा होता. माझे चाचा तांडेल होते. म्हणजे बोट तेच चालवीत. आता मी शाळेत शिकवतो. पण सुट्टीत गावी गेलो, की माझे पाय धक्क्याकडेच वळतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. बऱ्याच बोटींच्या कडेला मोटारीचे जुने टायर लोंबत असतात. नवख्या माणसाला ती अडगळ वाटते. पण बोट सांभाळतात ती हे टायरच.

बोटीला ब्रेक नसतो. इंजिन बंद केले, तरी ती पाण्यावर पुढे सरकतच राहते. तिचे वजन काही टन असते. म्हणून ती हळू येऊन आदळली, तरी फळी तडकू शकते. मध्ये टायर असला, की तो दबतो आणि मार स्वतःवर घेतो. माझ्या आजोबांच्या काळी हेच काम सुंभाच्या दोराची जाड वेटोळी करीत. चाचा प्रत्येक टायरला खालून भोक पाडीत. आत पाणी साचले, की टायर जड होतो आणि त्याचा दोर तुटतो.

टायर बांधले, म्हणजे काम संपले असे नाही. भरती-ओहोटीबरोबर बोट वर-खाली होते. बांधलेला दोर आखूड असेल, तर ओहोटीला बोट दोराला लटकून कलंडते. तो फार सैल असेल, तर ती शेजारच्या बोटीवर आपटते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दोरांवर आणि टायरांवर जास्त लक्ष ठेवावे लागते.

चाचांच्या उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. तरुणपणी एकदा धक्क्याला लागताना त्यांच्या बोटीचा एक टायर गळून पडला. बोट आदळेल, म्हणून त्यांनी मध्ये हात घातला. बोट वाचली, हात चिरडला.

मराठीत 'बोट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चाचा नव्या खलाशाला हसत सांगत, "बेटा, बोट वाचवायला बोट घालू नकोस. फळी सुतार बसवून देतो."

मुलांनो, तुम्ही कधी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला किंवा रेवसला जाल. लाँच धक्क्याला लागेल, तेव्हा हात-पाय आत ठेवा. दोर बांधून होईपर्यंत उठू नका. तोवर कडेचे टायर कसे दबतात, ते पाहा.