पराटीचं पेट्रोल

सावनेर, माघ अखेर

प्रिय मन्या,

पराटीचं पेट्रोल होतं म्हणे, असं तू फोनवर विचारलंस. पेट्रोल नाही रे, त्यात मिसळायचं इथेनॉल. ते साखर आंबवून होतं. साखर पराटीत, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडातही आहे, पण लाकडातल्या लिग्निननं ती अशी जखडलेली असते की ती सोडवणारी विकरं (एन्झाइम) आत शिरू शकत नाहीत. म्हणून आधी रसायनाचा मारा. एक तर विरळ गंधकाम्ल घालून दीड-पावणेदोनशे अंशांवर वाफेत शिजवायची, नाहीतर कॉस्टिक सोड्यात. हरभरा शिजेना की तुझी आई चिमूटभर सोडा टाकायची ना, तसंच. आम्लाचा ताव जास्त झाला तर सुटलेल्या साखरेचंच फरफ्युरल होतं, ते यीस्टला मानवत नाही. सोड्यात ही भानगड कमी, पण लगदा धुवायला पाणी किती! आणि ते काळंकुट्ट पाणी सोडायचं कुठं, आपल्या कोलार नदीत?

हे हवेतलं नाही. पुण्याच्या प्राज कंपनीनं 2017 मध्ये दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प काढला. तिच्याच तंत्रावर पानिपतचा इंडियन ऑइलचा कारखाना ऑगस्ट 2022 मध्ये देशाला अर्पण झाला. रोज 1 लाख लिटरची क्षमता, त्यासाठी वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा.

आपल्याकडं घोडं त्याआधीच अडतं. चिमट्यानं एकेक झाड उपटायला मजूर मिळत नाही, मग रोटावेटर फिरवून मोकळं. धुऱ्यावर गंजी लावली तर तिच्यात गुलाबी बोंडअळी दडते. पराटी हातात घेऊन बघ: बोटाएवढं खोड, साल ओढली की चिवट धागा निघतो, फांद्यांना कवडी लटकलेली, मुळाला काळी माती. ट्रॉली शिगोशीग भरते, पण काट्यावर वजन भरत नाही. डिझेल जाळून ती दूर कोण नेणार?

माझं विचारशील तर सावनेरला आज इथेनॉल नको. पराटीचा भुसा करून कांड्या पाडाव्या. सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रानं त्यावर काम केलंय. त्या कांड्या जवळच खपतील: खापरखेड्याचं वीज केंद्र आपल्याच तालुक्यात आहे आणि कोळशात 5 टक्के बायोमास मिसळायचं केंद्र सरकारचं धोरण 2021 पासूनचं आहे. त्यात ना आम्ल, ना सोडा.

तुझ्या आयोवात नेवाडा गावी ड्युपाँटनं मक्याच्या धांड्यांपासून इथेनॉल करायचा भलामोठा कारखाना 2015 मध्ये उघडला आणि दोनच वर्षांत विकायला काढला. तिकडं जाणं झालं तर शेतकऱ्यांना धांड्यांचा टनामागे काय भाव मिळायचा आणि गाठोडी शेतातून उचलायचं कोण, एवढं विचारून कळव.

तुझा,
बाळ्या